आधी मान वळवा, मग फटका मारा!

हॉकी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान, वाकड्या टोकाची काठी आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. बर्फावरची हॉकी आपण पाहिलीच असेल तर हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर, तीही ओझरती. पायांत पोलादी पात्यांचे बूट, अंगावर चिलखतासारखे गादीचे कपडे आणि चेंडूऐवजी काळ्या रबराची चकती. कॅनडात या खेळाचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतकेच आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली काही नातवंडेही तो खेळतात आणि इकडे त्यांचे आजी-आजोबा मोबाइलच्या पडद्यावर ते पाहून जीव मुठीत धरून बसतात.

अशाच एका आजोबांचे पत्र मला आले. ते लिहितात, ‘‘नातू तेरा वर्षांचा आहे. सुट्टीच्या दिवशी त्याचा एकच उद्योग चालतो. कोपऱ्यात गेलेली चकती धावत जाऊन आणायची आणि वळून गोलात मारायची. हे शंभर-शंभर वेळा. जांघ दुखते म्हणतो, पण थांबत नाही. कधी कधी तो कडेच्या फळीवर असा आदळतो की आमच्या काळजाचा ठोका चुकतो. डॉक्टर, हा सराव चांगला की वाईट?’’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ हॉकीपुरते नाही. सराव चांगला की वाईट हे तो किती वेळा केला यावर ठरत नाही, कसा केला यावर ठरते. या खेळात तर एक गमतीची गोष्ट आहे. चकती आणताना जी सवय मुलाला चपळ करते, तीच सवय त्याची मान आणि डोके वाचवते. कौशल्य आणि सुरक्षितता येथे दोन वेगळे विषय नाहीत. ते कसे, हे आज पाहू.

कॅरमच्या स्ट्रायकरची आठवण

ही चकती, म्हणजे ‘पक’, ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाडीची असते. वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूइतके. बोर्डावर पावडर टाकली की कॅरमचा स्ट्रायकर कसा सुळकन जातो, तशी ही बर्फावरून घसरते. फरक एवढाच की येथे बोर्ड २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतो. हे माप उत्तर अमेरिकेतले. भोवती छातीइतक्या उंचीची फळी असते, तिला आपण कठडा म्हणू. चकती कठड्यावर आपटून परत येते, त्यामुळे ती क्रिकेटच्या चेंडूसारखी सीमापार जाऊन खेळ थांबत नाही. ती कोपऱ्यात जाते आणि दोन्ही संघांचे खेळाडू तिच्यामागे धावतात.

खेळाचे दोन महत्त्वाचे क्षण येथेच येतात. पहिला, कोपऱ्यातली चकती आपल्या काठीवर घेणे. दुसरा, ती मिळताच वेळ न दवडता गोलकडे मारणे. गोल फक्त ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असतो आणि त्याच्यासमोर गाद्या बांधलेला गोलरक्षक उभा असतो. त्याला तयार व्हायला सवड मिळाली की संधी गेलीच म्हणून समजा.

थोडे गणित करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेली चकती ६ मीटर अंतर साधारण ०.२२ सेकंदात कापते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शरीर हलू लागायलाच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणजे जवळून आलेला फटका गोलरक्षक पाहून अडवत नाही. तो मारणाऱ्याचे खांदे, काठी आणि नजर पाहून आधीच अंदाज बांधतो. म्हणून फटका किती जोराचा आहे यापेक्षा, तो कधी सुटणार हे गोलरक्षकाला कळू न देणे जास्त मोलाचे ठरते. जलद फटक्याच्या सरावाचे मर्म हे आहे.

कोपऱ्यातली शर्यत

आता पहिल्या भागाकडे वळू, कारण डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती त्याची. चकती कठड्याजवळ पडली आहे. मुलगा तिच्याकडे तोंड करून वेगाने निघाला आहे. त्याची नजर खाली चकतीवर आहे, पाठ मैदानाकडे आहे आणि मागून प्रतिस्पर्धी येतो आहे. मोठे खेळाडू बर्फावर ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेग सहज गाठतात. आपण सायकल जोरात चालवतो त्यापेक्षाही हा वेग जास्त. अशा वेळी मागून नुसता धक्का लागला तरी डोके सरळ कठड्यावर जाते.

ही भीती काल्पनिक नाही. टोरांटोचे मेंदूशल्यविशारद डॉ. चार्ल्स टेटर यांनी १९८० च्या दशकापासून आइस हॉकीत मणक्याला झालेल्या दुखापतींची नोंद ठेवली. मागून ढकलले जाऊन कठड्यावर डोके आपटणे, हे त्यांना आढळलेले प्रमुख कारण. त्यांच्या पाठपुराव्यानंतर मागून ढकलण्याविरुद्धचे नियम कडक झाले. कॅनडात कित्येक मुलांच्या जर्सीवर पाठीमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, रस्त्यावर असते तशी ‘थांबा’ची लाल खूण शिवलेली असते. पाठ दिसली की हात आवर, असा तिचा अर्थ.

व्यावसायिक खेळाडूंनाही ही शर्यत महागात पडली आहे. उत्तर अमेरिकेच्या एन.एच.एल. या स्पर्धेत पूर्वी ‘आइसिंग’च्या नियमानुसार, दुरून मारलेल्या चकतीपर्यंत आधी कोण पोहोचतो यावर पंचांचा निर्णय ठरे. त्यामुळे दोघेही जीव खाऊन कठड्याकडे धावत. एप्रिल २०१३ मध्ये कॅरोलिना संघाचा फिनलंडचा खेळाडू योनी पिटकानेन अशाच शर्यतीत कठड्यावर आदळला आणि त्याच्या टाचेचे हाड मोडले. तो पुन्हा एन.एच.एल.मध्ये खेळू शकला नाही. त्यानंतरच्या २०१३-१४ च्या हंगामापासून नियम बदलला आणि शर्यतीचा निकाल कठड्यापर्यंत न जाता अलीकडच्या ठिपक्यांच्या रेषेजवळ लावण्यास सुरुवात झाली.

मान कशी मोडते?

आपल्या मानेत सात मणके असतात. ताठ उभे राहिल्यावर ते सरळ रेषेत नसतात, त्यांना पुढच्या बाजूला हलकासा बाक असतो. हा बाक स्प्रिंगसारखे काम करतो. धक्का बसला की मान थोडी वाकते आणि स्नायू तो धक्का पचवतात. पण हनुवटी खाली घातली की हा बाक नाहीसा होतो आणि मणके एकावर एक रचलेल्या विटांसारखे सरळ उभे राहतात. अशा स्थितीत टाळू कठड्यावर आपटली तर मागून येणारे सगळे वजन थेट मणक्यांवर पडते. मग मणका फुटू शकतो, मज्जारज्जूला इजा होऊ शकते आणि हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. शिरस्त्राण कवटी वाचवते, मान वाचवू शकत नाही. हे पालकांनी नीट समजून घ्यावे.

म्हणूनच तिकडचे प्रशिक्षक मुलांच्या कानीकपाळी ओरडतात की पडताना डोके खाली घालू नका, वर ठेवा. आपटणे अटळ असेल तर आधी हात, खांदा किंवा पाठ आपटू द्या, टाळू नको.

चकती आणण्याची खरी पद्धत याच तत्त्वावर बेतलेली आहे. तिचे टप्पे असे :

पहिला टप्पा, पोहोचण्याआधी मान वळवून मागे पाहणे. एकदा एका खांद्यावरून, एकदा दुसऱ्या. कोण येतो आहे, किती दूर आहे, आपला सोबती कुठे आहे, हे चकती मिळण्याआधीच कळले पाहिजे.

दुसरा टप्पा, कठड्याकडे नाकासमोर न जाता तिरके जाणे. आपल्या गल्लीत भिंतीकडेने सायकल वळवावी तसे. मग धक्का लागला तरी शरीर कठड्याच्या कडेने घसरते, डोके समोरून आदळत नाही.

तिसरा टप्पा, कठड्यापासून हात-दीड हात अंतरावर घोटाळत न राहणे. एकतर कठड्याला खेटून राहावे किंवा चांगले दूर असावे. मधल्या पट्ट्यात धक्का लागला की कठड्यापर्यंत जाताना तोल सावरता येत नाही आणि वेग मात्र पुरेपूर असतो. धोका तिथे सर्वांत जास्त.

चौथा टप्पा, प्रतिस्पर्धी आणि चकती यांच्यामध्ये आपले शरीर घालून, गुडघे वाकवून, चकती काठीच्या पात्यावर घेणे आणि त्याच हालचालीत बाहेर पडणे.

तीन वर्षांपूर्वी टोरांटोजवळच्या एका गावी पुतण्याकडे महिनाभर राहिलो होतो. त्याच्या मुलीच्या संघाचा सराव पाहायला मी रोज जाई. थंडीने पाय गोठत, पण पाहण्यासारखे खूप होते. त्यांच्या प्रशिक्षिका बाईंचा एक प्रकार माझ्या कायमचा लक्षात राहिला. त्या चकती कोपऱ्यात टाकत आणि मुलीच्या मागे राहून हाताची बोटे वर करीत. मुलीने धावता धावता मान वळवून बोटे मोजायची, मोठ्याने आकडा सांगायचा, मग चकती उचलून दोन स्पर्शांत गोलकडे मारायची. एका मुलीने सुरेख गोल केला, पण आकडा सांगितलाच नाही. बाईंनी गोल धरला नाही. मुलगी हिरमुसली. बाई तिला म्हणाल्या, ‘‘गोल उद्याही होईल. मान एकच आहे.’’

मी पस्तीस वर्षे रुग्ण तपासतो आहे. इतक्या थोड्या शब्दांत प्रतिबंधक उपचार समजावून सांगणे मला अजून जमलेले नाही.

विशेष म्हणजे त्याच मुली महिन्याच्या शेवटी अधिक वेगाने फटके मारू लागल्या होत्या. कारण उघड आहे. जिने आधीच मागे पाहिले, तिला चकती मिळाल्यावर ‘आता काय करू?’ हा विचार करावा लागत नाही. वेळ हाताच्या वेगात वाचत नाही, तो निर्णयात वाचतो. १९८० व १९९० च्या दशकांत गाजलेला वेन ग्रेट्स्की अंगापिंडाने दांडगा नव्हता आणि त्याचा फटकाही सर्वांत जोराचा नव्हता. तरी त्याच्या ८९४ गोलांचा विक्रम एप्रिल २०२५ मध्ये अलेक्झांडर ओवेच्किनने मोडेपर्यंत अबाधित होता. वडिलांनी ब्रँटफोर्ड गावी घराच्या परसात पाणी गोठवून तयार केलेल्या बर्फावर तो शिकला. चकती आहे तिथे नव्हे, ती जाणार आहे तिथे पोहोच, ही त्या वडिलांची शिकवण प्रसिद्ध आहे.

फटका हातात नसतो

पालकांचा समज असा की जोरदार फटक्यासाठी दंड कमवावेत. प्रत्यक्षात जोर पायांतून निघतो. मागच्या पायावरचे वजन पुढच्या पायावर येते, कंबर फिरते, धड फिरते, मग खांदे आणि शेवटी मनगटे. उसाच्या गाडीला बैल जोर लावतात तेव्हा तो खुरांपासून सुरू होतो, तसेच हे. काठीच्या मधोमध असलेला खालचा हात काठीवर दाब देतो, काठी धनुष्यासारखी किंचित वाकते आणि सरळ होताना चकतीला फेकते.

जलद फटक्याचा सराव म्हणजे या साखळीतील अनावश्यक हालचाली काढून टाकणे. चकती येतानाच गुडघे वाकलेले हवेत. झेल घेताना आपण हात किंचित मागे घेतो, तशी काठी मागे घेत चकती अलगद थांबवायची. ती थांबते त्याच जागेवरून फटका सुटला पाहिजे. चकती इकडेतिकडे चार वेळा खेळवायची आणि मग मारायची, ही सवय लागली की ती लवकर सुटत नाही. वरचा हात पोटाला चिकटलेला नको, नाहीतर धड फिरत नाही आणि सगळा भार मनगट व कमरेवर येतो. सतत कंबर दुखणाऱ्या मुलात ही चूक मी आधी शोधीन.

बर्फ नसतानाही हा सराव घरी होतो. गुळगुळीत प्लास्टिकच्या पत्र्यावरून, जाळीच्या चार कोपऱ्यांत कापड बांधून, नेम धरून मारता येते. पुण्या-मुंबईकडे रोलर स्केटवर हॉकी खेळणारी मुले आहेत, त्यांनाही हे लागू आहे.

जांघेतली चमक

आता पत्रातल्या जांघेकडे येऊ. कबड्डी-खोखोच्या मोसमात माझ्याकडे येणाऱ्या मुलांत ही तक्रार नेहमीची असते. बर्फावर चालताना पाय पुढे टाकून जोर मिळत नाही, तो बाहेरच्या बाजूला तिरका रेटावा लागतो. बाहेर गेलेला पाय आवरून परत आणायचे काम मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंचे. ताणलेल्या अवस्थेत त्यांना ब्रेक लावावा लागतो. कोपऱ्यात शिरून अचानक वळताना हा ताण कमालीचा वाढतो आणि स्नायूचे धागे तुटतात.

न्यूयॉर्कच्या संशोधकांनी एन.एच.एल.च्या खेळाडूंची तपासणी करून २००१ मध्ये एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंची ताकद, मांडी बाहेर नेणाऱ्या स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमी असेल, तर जांघेच्या दुखापतीची शक्यता १७ पट होती. त्यांनीच अशा कमकुवत खेळाडूंना हंगामापूर्वी सहा आठवडे व्यायाम दिला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार या दुखापतींचे प्रमाण दर हजार सामन्यांमागे ३.२ वरून ०.७१ वर आले. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त व्यायाम!

घरी करण्यासारखा सोपा व्यायाम असा. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत. गुडघ्यांमध्ये व्हॉलीबॉल किंवा घट्ट उशी धरून दहा सेकंद दाबावी, दहा सेकंद सोडावी. असे दहा वेळा. मग कुशीवर झोपून खालचा पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलावा, हळूहळू खाली आणावा. प्रत्येक बाजूला दहा ते पंधरा वेळा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. व्यायामात दुखू लागले तर थांबावे.

येथे एक गंभीर इशारा. दहा ते सोळा वयाच्या मुलाची जांघ, मांडी किंवा गुडघा दुखत असेल आणि तो लंगडत असेल, तर ‘चमक भरली असेल’ म्हणून तेल चोळत बसू नये. या वयात मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या थरावरून सरकण्याचा विकार होऊ शकतो. खुब्यातला हा विकार पुष्कळदा गुडघ्यातली वेदना म्हणूनच समोर येतो आणि गुडघ्याचा एक्स-रे मात्र साफ निघतो. खुब्याचा एक्स-रे वेळेवर काढला तर सांधा वाचतो, उशीर झाला तर तरुणपणीच तो निकामी होण्याची भीती असते. तेव्हा पत्रलेखक आजोबांनी नातवाला आधी तिथल्या डॉक्टरांकडे पाठवावे, सराव नंतर. तोपर्यंत बर्फावर पाय नको.

शंभर वेळा की दहा वेळा?

स्नायूंत अतिवेगासाठी तयार इंधनाचा छोटा साठा असतो. पूर्ण ताकदीने काम केले तर तो दहाएक सेकंदांत संपत येतो आणि भरून यायला दोन-तीन मिनिटे लागतात. कोपऱ्यात जाणे, चकती उचलणे, मारणे, हे सारे सहा ते आठ सेकंदांचे काम. म्हणून ते पूर्ण वेगाने करावे आणि निदान चाळीस सेकंद विश्रांती घ्यावी. पाच-सहा वेळा झाले की तीन मिनिटे थांबावे. असे तीन-चार फेरे भरपूर झाले.

सामन्यातही खेळाडू साधारण पाऊण मिनिट खेळून बाहेर बसतो, मग पुन्हा उतरतो. जो मुलगा दमलेल्या अंगाने शंभर वेळा तेच करतो, तो वेग शिकत नाही, दमलेली हालचाल शिकतो. मान वळवणे आधी बंद होते, गुडघे सरळ होतात आणि मग दुखापत होते. नेमका शेवटच्या वीस वेळांतच घात होतो.

दुसरे म्हणजे, वर्षभर एकच खेळ नको. ग्रेट्स्की लहानपणी उन्हाळ्यात बेसबॉल आणि लॅक्रॉस खेळे. कॅनडाची हेली विकनहायझर हिने २००२, २००६, २०१० आणि २०१४ अशी चार ऑलिंपिक सुवर्णपदके आइस हॉकीत मिळवली, पण २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती सॉफ्टबॉलही खेळली होती. पुढे ती डॉक्टर झाली, हे सांगताना मला साहजिकच आनंद होतो. वाढत्या वयात खुब्याच्या सांध्याला एकाच प्रकारच्या पिळातून सुटी हवी असते.

पाण्याचेही तसेच. थंडीत तहान लागत नाही, पण जाड कपड्यांत घाम भरपूर येतो. सरावाआधी आणि मधल्या विश्रांतीत घोट घोट पाणी पाजावे.

डोक्याला हादरा बसला तर

मार डोक्यालाच लागायला हवा असे नाही. मानेला जोराचा हिसका बसला तरी मेंदू कवटीत हलतो. याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. बेशुद्धी आलीच पाहिजे असेही नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, उजेड सहन न होणे, गोंधळल्यासारखे वागणे, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तर मुलाला लगेच बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. पहिले एक-दोन दिवस आराम, म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडणे नव्हे. घरातल्या घरात हलके हिंडणे चालते, मोबाइल मात्र कमी. मग आधी शाळा, नंतर हलका व्यायाम आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच धडकांचा खेळ.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, गुंगी, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी, मान दुखणे, यांपैकी काही असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे. मान दुखते म्हणणाऱ्या मुलाला उचलून बसवू नये, शिरस्त्राण ओढून काढू नये. मदत येईपर्यंत जसा आहे तसा स्थिर ठेवावा.

नियमांनीही फरक पडतो. कॅनडात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या मुलांची तुलना केली गेली. अल्बर्टा प्रांतात त्या वयात अंगाने धडक देण्यास परवानगी होती, क्युबेकमध्ये नव्हती. अल्बर्टात सामन्यातील दुखापती आणि कन्कशन यांचा धोका तिपटीहून अधिक आढळला. २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने देशभर त्या वयोगटात धडक बंद केली. तेराव्या-चौदाव्या वर्षी काही संघांत ती सुरू होते, म्हणजे पत्रातील नातू नेमका उंबरठ्यावर आहे. मान वळवायची सवय आत्ताच अंगी बाणली पाहिजे.

गळ्याचा पट्टाही विसरू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे सामना चालू असताना प्रतिस्पर्ध्याच्या बुटाचे पाते गळ्याला लागून अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू मृत्यू पावला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या सर्व स्पर्धांत गळ्याचे संरक्षण सक्तीचे केले.

आपल्या देशातला बर्फ

हा खेळ परदेशातच आहे असे मात्र समजू नका. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर तो मोठ्या उत्साहाने खेळला जातो. २०२४ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतील आइस हॉकी लेहमध्ये झाली. भारताच्या महिला संघाने, ज्यात लडाखच्या मुलींचाच मोठा भरणा आहे, २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक जिंकले. आपल्याकडील हौशी मंडळी हिवाळ्यात लेहला जातात त्यांना एवढेच सांगणे, की लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे श्वासातून मिळणारा प्राणवायू आपल्याकडच्या दोन-तृतीयांशच असतो. विमानातून उतरून पहिले दोन दिवस नुसता आराम करावा. बर्फावर धावण्याची हौस त्यानंतर.

लक्षात ठेवा

१. चकतीजवळ पोहोचण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहणे, हा सरावाचाच भाग आहे.

२. कठड्याकडे तिरके जावे. पडताना डोके वर, हनुवटी छातीला लावू नये.

३. सहा-आठ सेकंद पूर्ण वेग, मग भरपूर विश्रांती. दमल्यावर सराव बंद.

४. मांडीच्या आतल्या स्नायूंचा व्यायाम हंगाम सुरू होण्यापूर्वी सहा आठवडे तरी करावा.

५. मूल लंगडत असेल तर खुब्याचा एक्स-रे. डोके गरगरत असेल तर त्या दिवशी खेळ नाही.

आणि आजी-आजोबांसाठी एक छोटेसे काम. फोनवर नातवाला ‘‘आज किती गोल केलेस?’’ असे आपण नेहमी विचारतो. पुढच्या वेळी विचारा, ‘‘आज किती वेळा मागे वळून पाहिलेस?’’ मुलांना ज्या गोष्टीचे कौतुक होते, तीच ती पुन्हा पुन्हा करतात.